सोडलेल्या घराचा पत्ता

नव्या राजधानीत, रायपुरात, नरेशसाहेब हसले की कचेरीतले पंखे आपोआप फिरायचे. तरी संगणक सांभाळणारी इरावती घामाघूम होती. “सर, सर्व्हर आजच बंद करू. ऑपरेटिंग सिस्टीमच्या कर्नेलमध्येच, म्हणजे गाभ्यातच, भोक आहे. एका प्रोग्रामनं सोडलेली मेमरी दुसऱ्याला मिळते, पण पत्ता पहिल्याकडेही राहतो. तो परत घुसून वाट्टेल ते लिहील. राज्यभराच्या जमिनींचे कागद आहेत आत.” “काहून घाबरवून राहिली, पोट्टे? सोडलेल्या घरात कोणी वापस येते काय?” “तुमच्या क्वार्टरचं कुलूप बदललं, सर?” हसणं थांबलं. सरकारी कुलूप क्वार्टरसोबतच मिळालं होतं, आधीच्या साहेबांच्या वेळचं. त्यांनी घरी फोन लावला. बायको कुजबुजली, “आत्ताच गोल बाजारातून आली. दार उघडं. पलंगावर एक भैया लोळून राहिले. जुनी चावी दाखवून मलेच विचारतात, तुम्ही कोण?” साहेब चपला विसरून धावले. दारातून ओरडले, “सर्व्हर बंद कर!”