वांग्यातली चिठ्ठी

पिंप्राळ्यातल्या आमच्या कॉलनीत दर थंडीत भरीत पार्टी होते आणि तिच्याआधी खजिना शोधायचा खेळ. यमक जुळवून चिठ्ठ्या मीच लिहिते. यंदा सहा लिहिल्या. सहाही सापडल्या, खजिन्याचा डबाही मिळाला. खेळ संपला होता.

मग आम्ही पाच जणी कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी सोलायला बसलो. माझ्या हातातलं वांगं चांगलंच चटके देत होतं. आतल्या गरात बोटांना घडी केलेला कागद लागला. कोरडा आणि बर्फासारखा गार. मी तो मुठीत धरला. हात मनगटापर्यंत बधिर झाला. भीती वाटायला हवी होती, पण काहीच वाटलं नाही.

तेवढ्यात कोणीतरी सावकाश वाचून दाखवलं,

"पाच जणी बसल्या, सहावी आली,
जिला चिठ्ठी सापडली, ती आता गेली."

सगळ्या हसल्या. "प्राची, ही सातवी कधी लिहिलीस गं?" सपनानं विचारलं.

"मी नाही लिहिली."

"मंग वाची कोनी?" शेजारच्या मंदाअक्का म्हणाल्या.

एकेकीनं 'मी नाही' अशी मान हलवली. हसू थांबलं.

मी मूठ उघडली. चिठ्ठीची घडी अजून कोणी उलगडलीच नव्हती.