मागचं वजन

मिस्त्रींनी गोल्फच्या मैदानावरच्या गाडीतून शिशाच्या जडशीळ बॅटऱ्या काढल्या आणि अपघातात चेपलेल्या इलेक्ट्रिक कारच्या लिथियम बॅटऱ्या बसवल्या. ओझं निम्म्यावर आलं होतं. गाडी मागून जरा उचलून यायला हवी होती, पण ती आधीपेक्षाही खाली बसली.

त्यांनी स्प्रिंगा तपासल्या, टायरमधली हवा पाहिली. सगळं ठाकठीक होतं.

“मागे कुणाला बसवलंत की काय?” शेजारच्या सीटवर बसत बायको हसून म्हणाली.

“तुझं आपलं काहीतरीच. चल, एक फेरी मारू.”

भर दुपारी मोकळ्या हिरवळीवरून गाडी निघाली. वाटेत बायकोनं एकदा मागे वळून पाहिलं आणि तिचं हसू मावळलं.

“थांबवा. मी उतरून मागून बघते.”

ती उतरली. मिस्त्रींनी गाडी हळूच पुढे घेतली.

“काय दिसतंय गं?”

 ती दबक्या आवाजात म्हणाली, “मागचा भाग वर आला. एकदम.”

मिस्त्रींचा जीव भांड्यात पडला. ते तिच्याकडे वळणार, एवढ्यात त्यांच्या शेजारची रिकामी सीट करकरली आणि हळूहळू खाली दबत गेली.