दोन याद्या, दोन कोटेशनं

"फ्रिज तिच्या यादीत घाला," काका म्हणाले.

"अजिबात नाही," काकू स्वयंपाकघरातून ओरडल्या. "त्यांच्याच यादीत घाला. गार पाण्याशिवाय घास उतरत नाही त्यांचा."

कोटेशनवाल्याने फ्रिज तिसऱ्यांदा खोडला.

सामान हलवणाऱ्या कंपनीत त्याला सगळे मीटर म्हणत. घरात शिरला की पंधरा मिनिटांत खोकी, माणसं, गाडी आणि रक्कम कागदावर तयार. कपाट न उघडता आत किती कपडे असतील ते तो सांगायचा. नव्या घराचा पत्ता मात्र तो सगळ्यात शेवटी विचारायचा. पत्ता विचारला की लोक मुलाच्या बदलीपासून शेजाऱ्यांच्या कुत्र्यापर्यंत सगळं ऐकवत बसतात, असा त्याचा अनुभव होता. या महिन्यापासून मालकाने दिवसाला सहा घरांचं टार्गेट लावलं होतं. हे चौथं घर, आणि इथे त्याला सव्वा तास झाला होता.

दार उघडताच काकूंनी सांगून टाकलं होतं, "एक्केचाळीस वर्षं एकत्र काढली. आता वेगळं राहायचं ठरवलंय. दोन याद्या करा आणि दोन कोटेशनं द्या."

मीटरला मनातून बरंच वाटलं होतं. एका दारात दोन घरं झाली की संध्याकाळी लवकर सुटता येईल.

वाटण्या त्याने पुष्कळ पाहिल्या होत्या. दोन सख्खे भाऊ एका शिडीवरून हातघाईवर आलेले पाहिले होते. पण तिथे जो तो स्वतःकडे ओढत होता. इथे सगळाच उलटा कारभार.

"आरामखुर्ची त्यांना. पाठ धरते त्यांची."

"रेडिओ तिला. तो लागल्याशिवाय सकाळी तिचे हात चालत नाहीत."

"मोठं घड्याळ त्यांना. लहान आकडे दिसत नाहीत आणि चष्मा सापडत नाही."

जाड रजई तर चार वेळा इकडून तिकडे गेली. शेवटी काकूंनी ती मीटरच्याच मांडीवर आणून टाकली आणि म्हणाल्या, "तुम्हीच सांगा, थंडी कुणाला जास्त वाजते?"

मीटरने पेन खाली ठेवलं. "काका, काकू, एकमेकांची एवढी काळजी आहे तर वेगळे कशाला होताय?"

काकांनी विचारलं, "लग्न झालंय तुमचं?"

"हो. तीन वर्षं झाली."

"मग अजून अडतीस वर्षांनी या. सांगतो."

मीटरने निमूटपणे हिशोब केला. दोन गाड्या, चार-चार माणसं, दोन वेगळे दिवस. त्याने ज्याचा कागद त्याच्या हातात दिला. काकूंनी स्वतःच्या कागदाकडे बघितलंसुद्धा नाही. काकांच्या हातातला ओढून घेतला आणि वाचता वाचता म्हणाल्या, "काचेचं सामान नीट गुंडाळा हो यांचं. यांना फुटलेलं कळतसुद्धा नाही."

"गुंडाळू," मीटर म्हणाला. "आता फक्त अंतराचे पैसे धरायचे राहिले. काका, तुमचा पत्ता?"

"तळ्यामागची पिवळी इमारत. तिसरा मजला, एकतीस नंबर."

"आणि काकू, तुमचा?"

"तळ्यामागची पिवळी इमारत," काकू म्हणाल्या. "तिसरा मजला, बत्तीस नंबर."

मीटरने दोन्ही कागद मागून घेतले आणि फाडले.

"अहो, मग एकच गाडी पुरेल! निम्म्यात होईल सगळं. आणि मध्ये एक भिंत, एवढ्यासाठी वेगळं होऊन मिळवणार काय तुम्ही?"

"यांचं घोरणं ऐकू येणार नाही," काकू म्हणाल्या.

"आणि हाक मारली तर ऐकू येईल," काका म्हणाले. "जागा घेण्याआधी भिंतीच्या दोन बाजूंना उभं राहून बघितलंय आम्ही."