पाटीवरची नजर

सकाळचे ऊन चौकशीच्या खोलीत सावकाश उतरत होते. आधी खिडकीच्या गजांवर, मग फायलींवरच्या धुळीवर, शेवटी उदय गमरेच्या निश्चल हातांवर. उदयला उन्हाची ऊब जाणवली नाही.

मंगळवारी त्याने कारखान्यातल्या मिश्रणटाकीचे बटण दाबले, तेव्हा त्याचे जुने सहकारी भार्गवदादा आत उतरून पाती खरवडत होते. ते वाचले नाहीत.

"पाटी दिसलीच नाही, मॅडम," उदय चौथ्यांदा म्हणाला.

चौकशी अधिकारी ताम्हाणेबाईंनी संगणकाचा पडदा त्याच्याकडे वळवला. कामगारांना सक्तीच्या केलेल्या चष्म्याने त्याची नजर नोंदवली होती. हिरवा ठिपका 'आत माणूस आहे' या पाटीवर अडीच सेकंद थांबून बटणाकडे गेला होता.

"नजर थांबली म्हणजे वाचलं, असं कायदा मानत नाही," बाई म्हणाल्या. "तुम्ही वाचली नाही म्हणालात, तर पाटी नीट लावली नाही म्हणून दोष भार्गवदादांवर जाईल. त्यांच्या पत्नी बाहेर बसल्यात."

"काम संपलं तरी ती पाटी कुणी काढत नाही. दादाच म्हणायचे, हिला आता पगार सुरू करा."

"वाचलीत का?"

"वाचली," उदय म्हणाला. "आणि आत एक हाकसुद्धा मारली नाही."