निळ्या दारावरची पाटी

‘बेल बंद आहे. हाक मारा.’ शाळेत शिकवायला जाता-येता निळ्या दारावरची ही पाटी मी एकवीस वर्षं वाचली. हाक कुणाला मारायची, ते मात्र लिहिलेलं नव्हतं.

उद्या लेकीकडे कॅनडाला निघायचं, कायमचं. सातारा सुटण्याआधी एवढं तरी कळायला हवं. मी हाक मारली, “अहो, कोणी आहे का?”

एका म्हाताऱ्या बाईंनी दार उघडलं. “कोण हवंय?”

“कोणी नाही. पाटीवर नाव नाही, म्हणून विचारायला आले.”

त्या पाटीकडे बघत राहिल्या. “तरीच लोक दारापर्यंत येऊन मागे फिरतात. मला वाटायचं, माझंच काही चुकतंय.”

चहा घेऊन निघाले. कोपऱ्यावरून वळून पाहिलं, तर त्या पाटीखाली खडूने लिहीत होत्या, ‘नुसतं कुमुद म्हणा.’