एम्प्टी

पेट्रोलच्या जुन्या टाकीवर मेव्हण्याने खडूने 'एम्प्टी' लिहिलं होतं. रिकामी म्हणजे धुऊनही ठेवलेली, असं समजून वेल्डरने निर्धास्तपणे गॅस कटर उचलला.

"दाजी, थांबा. आधी रिकामी करा, असं लिहिलंय ना मी?" मेव्हणा दारातून म्हणाला.

"रिकामी आहे, असं लिहिलंयस."

"इंग्रजीत दोन्हीला शब्द एकच." बोलता बोलता मेव्हण्याचा चेहरा पांढराफटक पडला. "ताईच्या टाकीवरही मी तेच लिहिलंय."

ताई, म्हणजे वेल्डरची बायको, भिंतीपलीकडे टाकी कापायला बसली होती. दोन्ही कटरना गॅस एकाच सिलिंडरमधून जायचा. वेल्डरने झेप घेऊन सिलिंडरचा कॉक आवळला आणि डोळे मिटून घेतले.

"गॅस कोणी बंद केला?" पलीकडून बायको करवादली.