किल्ली धरायला

संपत मिस्त्री पाठीवर झोपून डॅशबोर्डखाली शिरला होता. दारातून बाहेर त्याचे फक्त पाय दिसत होते, आणि तेजस त्या पायांशी बोलत होता.

"संपतभाऊ, नवा स्विच बसत नाही म्हणून सांगा ना."

पाय हलायचे थांबले. "न बघताच?"

"बघून सांगा. पण बसत नाही असंच सांगा."

"पंचवीस वर्षं झाली या लायनीत," आतून आवाज आला. "न होणारं काम होईल म्हणून मी गिऱ्हाइकाला रोज सांगतो. होणारं काम होणार नाही म्हणून सांगा, असं म्हणणारे तुम्हीच पहिले."

तेजसनं रस्त्याकडे बघितलं. नम्रता समोरच्या टपरीवर तीन चहा सांगत होती. तिच्या चेहऱ्यावर कसलंही दुःख नव्हतं, आणि हेच त्याला सकाळपासून खुपत होतं.

गाडी परदेशी, दोन सीटची, हिरवी, वयानं तेजसपेक्षा मोठी. दुखणं एकच. डॅशबोर्डच्या मधोमध असलेली किल्ली फिरवली की इंजिन सुरू व्हायचं, आणि हात काढला की गाडी मान टाकायची. किल्ली अर्ध्यावर दाबून धरली तरच चालायची. चालवणाऱ्याचा एक हात स्टिअरिंगवर, दुसरा गिअरवर, तेव्हा किल्ली धरायला शेजारी माणूस हवाच. पाच महिने ते काम नम्रता करत होती. दोघं कल्याणीनगरच्या एकाच सॉफ्टवेअर कंपनीत. तो वाघोलीला राहायचा, ती विश्रांतवाडीला, आणि वाट चांगलीच वाकडी करावी लागत असूनही विश्रांतवाडी आपल्या वाटेतच लागते असं त्यानं तिला बेधडक सांगितलं होतं. जन्म पुण्यात जाऊनही ती यावर काही बोलली नव्हती. तिच्या कोपऱ्यापर्यंत रूममेट दिग्विजय किल्ली धरतो आणि तिथे उतरून बस पकडतो, असंही त्यानंच सांगून ठेवलं होतं.

आणि आता याच मुलीनं इंटरनेटवर शोधून, इंग्लंडला ऑनसाइट गेलेल्या सहकाऱ्याच्या बॅगेतून, चॉकलेटच्या डब्याबरोबर नवा स्विच मागवला होता. स्विचची डबी हातात आली तेव्हाच तेजसला कळलं, की सोमवारपासून ही कंपनीच्या बसनं जाणार. पाच महिन्यांत जे बोलायचं ते एकदाही बोलून झालं नव्हतं. गाडीत इंजिनाचा आवाज फार होतो, असं तो स्वतःला समजावत आला होता.

नम्रता चहा घेऊन आली. "झालं का?"

"बसला," पाय म्हणाले. तेजसनं डोळे मिटले.

संपत सरपटत बाहेर आला. त्यानं जुना स्विच बॉनेटवर ठेवला. "आतला पत्रा पार झिजलाय. आणि हे हीटरच्या बटणामागे अडकलेलं."

कपडे वाळत घालायचा लाल चिमटा होता. त्याला दुहेरी रबरबँड बांधलेला.

"चिमटा किल्लीला, रबर बटणाला," संपत कौतुकानं म्हणाला. "म्हणजे शेजारी माणूस नको. डोकं चालवलंय. कुणी केलं?"

तेजस चिमटा उचलायला पुढे झाला.

"दिग्विजयनं," नम्रता म्हणाली. आणि शांतपणे चहा प्यायली.

"नम्रता, मी सांगणारच होतो."

"आईनं पहिल्याच आठवड्यात बाल्कनीतून बघितलं. कोपऱ्यावर गाडी थांबते. मुलगा किल्लीवरचा चिमटा काढून डॅशबोर्डमागे दडवतो, आरशात बघून भांग पाडतो, मग मला मिस्ड कॉल देतो. दुसरं कुणीही उतरत नाही."

"म्हणजे तुला माहीत होतं?" भांबावला की तेजसची बोली थेट गावी, अमरावतीला पोचायची. "मग तू रोज किल्ली कायले धरून राहिली?"

नम्रतानं खांदे उडवले, पण कानापर्यंत लाल झाली. तेजसला एकदम इतका आनंद झाला की तो ठेवायचा कुठे हे कळेना. त्यानं हातातला गरम चहा एका घोटात संपवला आणि जीभ भाजून घेतली.

"बोलणं चालू द्या," संपत बॅटरीची वायर जोडत म्हणाला. "फक्त मध्ये एकदा किल्ली फिरवून बघा. माझं जेवण राहिलंय."

तेजस गाडीत बसला. किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं. सवयीनं किल्ली घट्ट धरून तो तसाच बसून राहिला.

"सोडा," संपत म्हणाला.

त्यानं हात काढला. इंजिन चालूच राहिलं, एकसुरात, न अडखळता. संपतनं मान डोलावली आणि फडक्याला हात पुसले.

"मग हा स्विच मागवलास कशाला?" इंजिनाच्या आवाजावरून तेजस ओरडला. आवाज फार होता, पण त्यामुळे बोलायचं अडत नव्हतं.

नम्रता दारावर वाकली. "उद्या सकाळी दहाला घरी ये. आईला गाडीतून फिरवून आण. तुझ्याशी तिला काय काय बोलायचंय. आता तिला मी किल्ली धरायला लावू का?"

तेजसनं शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघितलं. गाडीत दोघंच मावायचे.

"आणि तू?"

"मी घरी थांबते. बाबांना आपलं अजून सांगायचंय."